शनिवारच्या आत एक हसू

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

कॅमेरा आला! साबणाच्या वडीएवढा, खोका मात्र मिक्सरचा वाटावा असा. लेकीनं, मैत्रीनं, मागवला. हिंजवडीच्या तिच्या ऑफिसात म्हणे आता सगळ्यांकडे असतो. मोबाईलला चार-चार कॅमेरे असलेली माणसं एक कॅमेरा असलेली वस्तू वेगळी विकत घेतात — याला प्रगती म्हणायचं.

निमित्त आईचं. शनिवारी डॉक्टर तिचे उरलेसुरले सगळे दात काढणार, मग कवळी. त्याआधी तिला एक फोटो हवाय — स्वतःच्या दातांनी हसतानाचा. पुढचा, शेजारच्यावर चढून बसलेला दात दिसलाच पाहिजे. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तो आवडायचा. मोबाईलवर काढू देत नाही. "मोबाईलातला फोटू पार पाव्हण्यारावळ्यांत हिंडतो. ह्यातला घरात ऱ्हाईल."

तिचा आजवरचा एकमेव धड फोटो आधार कार्डावर. त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. मी काही बोलायला नको. मी फोटोत कायम तोंड मिटूनच असतो.

काम माझ्याकडे आलं, कारण चाकणला बावीस वर्षं मी तयार माल तपासतो. "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही," श्रद्धा म्हणाली. बायकोनं कौतुक केलं असं मी धरून चाललो.

मंगळवार, ११

तपासणी. चालू व्हायला तीन सेकंद — तेवढ्यात आईचं हसू येऊन जातं. फ्लॅश मारला की आई भूत आणि मागचा फ्रीज देखणा. चेहरा शोधणारी चौकट आईला सोडून कुकरवर जाऊन बसते. शेरा: फ्रीजचे फोटो काढायला उत्तम.

आईचे सहा काढले, सहाही रिजेक्ट. लगेच पुसले. रिजेक्ट माल शिफ्ट संपायच्या आत स्क्रॅप — हातात भिनलंय. शिवाय मेमरी कार्ड मागवायचं राहिलं. कॅमेऱ्यात जेमतेम बारा फोटो मावतात.

बुधवार, १२

ओव्हरटाइम. आई तयार होऊन बसली होती म्हणे. पावडर लावून.

गुरुवार, १३

मैत्रीचं म्हणणं, थोडा हललेला फोटोच छान वाटतो. हे वाक्य आमच्या ग्राहकाला ऐकवून बघतो एकदा — दुसऱ्या दिवशी कंपनीला कुलूप!

आज अकरा काढले. एकात डोळा मिटलेला, एकात माझं बोट. एकात आई मनापासून हसली, दात अगदी स्पष्ट — पण हलली. श्रद्धा म्हणाली, हा राहू द्या. मी मोठा करून दाखवला: हनुवटीची कड फाटलेली. स्क्रॅप.

"आरं, मी काय नटबोल्ट हाय व्हय?" आई म्हणाली.

शनिवारी सकाळी उन्हात काढू. दवाखाना अकराचा आहे. वेळ आहे.

शुक्रवार, १४

डॉक्टरांना उद्या गावाला जायचंय, म्हणून आजच बोलावलं. माझा मोबाईल रोजच्यासारखा कंपनीच्या गेटवर जमा. श्रद्धाचे सात मिस्ड कॉल. तीच आईला घेऊन गेली.

सातला घरी पोचलो. आई तोंडात कापूस धरून बसलेली. तिला बोलताच येत नव्हतं. मी कॅमेरा उघडून पाहिला. आत एकच फोटो — मंगळवारी तपासणीत काढलेला, फ्रीजचा. तेवढाच पास झाला होता.

शनिवार, १५

परत पाठवायची मुदत उद्यापर्यंत. खोका बांधला. कारण लिहिलं: 'वस्तू सदोष.'

रविवार, १६

आईनं चिकटपट्टी सोडवून कॅमेरा बाहेर काढला. मैत्रीनं बटण दाखवलं. फ्रीजचा फोटो बराच वेळ न्याहाळून आई बोळक्या तोंडानं म्हणाली, "ह्यो मातुर चांगला हासतुया." मला हसू फुटलं — तोंड मिटायचं राहिलं. तेवढ्यात तिनं बटण दाबलं.

फोटो तिरका. कोपऱ्यात तिचं बोट. कड पार फाटलेली. आणि माझ्या तोंडात, मधोमध, शेजारच्यावर चढून बसलेला दात.

"ह्यो बघ माझा दात. ह्यो पुसायचा न्हाई."

कुरिअरवाल्याला दारातूनच परत पाठवलं.