ठोकळ्यांवरची बस

दादा,

काल परवान्याच्या सुनावणीत तू अधिकारी मॅडमना म्हणालास, "कागदांचं सगळं आमची धाकटी बघते, शिकलेली आहे ती. मी आपला साधा ड्रायव्हर." तीन बसचा मालक आणि साधा ड्रायव्हर!

रोजच्या तपासणीचे तक्ते मीच भरले, हे खरं आहे. गाडीखाली मात्र कधी वाकले नाही. तू फोनवर म्हणायचास, "लिहून टाक गं, ठीक आहे सगळं," आणि मी लिहायचे. मॅडमनी त्यातलाच एक तक्ता पुढे केला. त्या दिवशी दोन नंबरची बस गॅरेजमध्ये चाकं काढून ठोकळ्यांवर उभी होती आणि माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'टायर ठीक.' साक्षीला बोलावलेला गॅरेजचा मेकॅनिक हसला. तू माझ्याकडे बोट दाखवलंस.

मग मी तुझ्या त्या फोनांबद्दल सांगितलं. त्या बसचे ब्रेक उशिरा लागतात हे तुला दोन महिने माहीत होतं, तेही सांगितलं. परवाना रद्द झाला. जिन्यात वहिनीसमोर तू मला घरभेदी म्हणालास.

मी खरं बोलले ते खऱ्यासाठी की तुझ्यावरच्या रागाने, हे सकाळपासून स्वतःला विचारतेय. उत्तर लाजिरवाणं आहे. "चूक आम्हा दोघांची," एवढं जरी तू म्हणाला असतास, तरी मी ब्रेकबद्दल गप्प बसले असते. आज त्या बसमध्ये माणसं बसली असती.

म्हणजे तू नीच वागलास हे बरंच झालं. पण त्याबद्दल मी तुझे आभार मानणार नाही.

तुझी शिकलेली धाकटी