कण्या गळ्याखाली उतरल्याची खबर

रिसोड, सोमवार

तीर्थरूप अंजना वहिनींच्या चरणी, धाकटा दीर ग्यानबा याचा सविनय जय भीम.

आपला गुडघा आता वळत असेल, म्हैस लाथ न मारता दूध देत असेल आणि इंझोरीत सर्व मंडळी खुशाल असतील, अशी आशा बाळगतो. इकडे आम्ही उभयता आपल्या कृपेने सुखरूप आहोत. (हे शाळेतलं मराठी हाये वहिनी. तीस वर्षं शाळेत घंटा वाजवली, तवा एवढं कानावर पडलं. याच्यापुढं माह्यानं रेटत नाई, म्हणून आता आपल्या बोलीतच लिहितो.)

फोन सोडून चिठ्ठी कायले, असं तुमी म्हणसान. तं आमच्या घरी फोन वाजला का चंदाबाई त्याले स्पीकरवर टाकते, अन् मले जे सांगायचं हाये ते तिच्यासमोर सांगायची माही हिंमत नाई. ती आता गच्चीवर मिरच्या वाळू घालून राह्यली. तेवढ्यात लिहून घेतो.

तुमी मागं आल्या तवा मी तुमाले अर्धंच सांगतलं होतं. शरम वाटली. आज पुरं सांगतो. चंदाबाईची शुगर निघाली तवा डॉक्टरनं कागदावर लिहून देल्लं का पांढरा भात, मैदा, साखर बंद, अन् ज्वारी, बाजरी, सालासकटच्या डाळी, पालेभाज्या चालू. चंदाबाईनं सारं आयकून घेतलं अन् डॉक्टरले इचारलं, “मंग जेवाचं काय?” घरी आल्यावर तिनं झारा माह्या हातात देल्ला. म्हणे, “चाळीस वर्षं मी रांधलं. आता बेचवच खायाचं हाये तं तुमी करा. माह्या हातानं मी माह्यावर जुलूम करत नाई.” अन् खुर्ची घेऊन आंगणात जाऊन बसली.

मले वाटलं, त्याच्यात काय एवढं? ज्वारी धुतली, कुकरमधी टाकली, पाच शिट्ट्या देल्ल्या. झाकण उघडलं तं पाण्यात बंदुकीचे छर्रे. (ज्वारी भिजवा लागते हे मले कोणी सांगतलंच नव्हतं, अन् मी इचारलंबी नव्हतं.) चंदाबाईनं एक घास तोंडात घेतला तो टीव्हीवरची मालिका सरेपर्यंत चावत होती. दुसऱ्या दिवशी बाजरीची भाकर केली. पीठ आमच्या पोरानं, रवीनं, पुण्याहून पाठवलेलं, तीन महिने डब्यात पडून होतं. भाकर थापता थापता तिचे चार तुकडे झाले, तरी मी ते तव्यावर जोडून भाजले. लागाले कडूजहर. मले वाटलं बाजरी अशीच रायते, म्हणून मी कडूपणा मारायले त्याच्यावर मीठ टाकलं. मंग मोबाइलवर एक बाई पाहिली. ती हासत हासत पाच धान्यं एकत्र शिजवून राह्यली होती. मी म्हणलं आपण सात टाकू. ज्वारी, बाजरी, नाचणी, भगर, मूग, मसूर अन् डब्याच्या बुडाशी जे सापडलं ते. पातेल्यात राखेच्या रंगाचा असा लगदा झाला का पळी उभी राह्यली ते खाली पडेच ना. शेजारचे धरमसिंग वाटीभर साखर मांगाले आले होते, पातेल्यात पाहून म्हणे, “काय ग्यानबाभाऊ, भिंतीची भेग बुजवून राह्यले काय?”

इथपर्यंत हासायचं होतं वहिनी. याच्यापुढं मले हासू येत नाई. चंदाबाईनं भांडणं बंद केलं. ताट समोर ठेवलं का दोन घास घे अन् म्हणे, पोट भरलं. मले वाटलं सवय होऊन राह्यली. असे दहा-बारा दिवस गेले. एका सकाळी गोळी घेतली, माह्यासंगं बाजारात आली, अन् वांग्याच्या ढिगाजवळ भाव करता करता खाली बसली ते उठलीच नाई. हात थंडे, कपाळावर घाम. ऑटोत घालून दवाखान्यात नेली. शुगर इतकी खाली गेली होती का डॉक्टरनं मलेच धारेवर धरलं. म्हणे, “काका, तुम्ही यांना गोळी वेळेवर देता, पण जेवायला काय देता?” मी पाणी प्यायच्या नळाजवळ गेलो अन् तोंड धुतल्यासारखं करून रडलो. तिथूनच तुमाले फोन केला होता. तुमी इचारलं, आवाज असा काहून येते? मी म्हणलं, रेंज नाई.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुमी दारात. दुखता गुडघा घेऊन, दोन एसट्या बदलून, काखेत ज्वारीचं गाठोडं. तुमी मले एक बोल लावला नाई. माह्या डब्यातलं पीठ हुंगलं, खवट झालं म्हणून बाजूले ठेवलं अन् म्हणल्या, “भाऊजी, तुमी दवा शिजवून राह्यले. जेवण शिजवा.” वहिनी, हे वाक्य मी कॅलेंडरच्या मांगं लिहून ठेवलं.

मंग तुमी मले चक्कीवर नेलं अन् ज्वारी पीठ नाई, भरडून आणाले लावली. चाळून कण्या येगळ्या केल्या. कोरड्या कढईत, वास सुटेपर्यंत भाजाले लावल्या. (मी दोनदा म्हणलं, झालं. तुमी दोनदा म्हणल्या, नाकानं पाहा.) भिजवल्या, मंग उकळत्या पाण्यात सोडल्या अन् आच बारीक. मी सवयीनं गॅस वाढवाले गेलो तं तुमी माह्या हातावर पळी मारली. वरून आंबट ताकाची कढी, ठेचलेल्या लसणाची फोडणी, बाजूले जवसाची चटणी अन् चवळीची भाजी. धान्य तेच, मीठ तेच. मले आजबी कळत नाई का मी त्याचं काय करत होतो.

चंदाबाईनं पयला घास घेतला, दुसरा घेतला. ताटली बोटानं पुसली अन् वर पाहून म्हणे, “अजून हायेत काय?” तवा मी भिंतीकडं तोंड केलं. (फोडणीचा धूर होता.)

त्याले आता तीन महिने झाले. शनिवारच्या तपासणीत शुगर जागेवर आली. डॉक्टर म्हणे गोळ्या चालू ठेवा अन् जेवण हेच ठेवा, फक्त वाटी मोजून. आता आमचं भांडण वाटीवरून होते. ती म्हणते वाटी लहान हाये, मी म्हणतो डॉक्टरची हाये. वहिनी, दवाखान्याच्या त्या नळाजवळ मले वाटलं होतं का हे घर आता रिकामं होते. आज त्या घरात वाटीवरून भांडण हाये. तुमचे उपकार मी कसे फेडू, मले समजत नाई, अन् फेडायची घाईबी नाई, असे उपकार अंगावर असलेले बरे.

उत्कर्ष अन् साक्षीले माया. म्हशीले चारा.

तुमचा,
ग्यानबा

ता.क. चिठ्ठीचं खरं कारण आता सांगतो. विहारातल्या बैठकीत कण्याची गोष्ट निघाली. धरमसिंगनं इचारलं, हे शिकवलं कोणं? माह्या तोंडून निघून गेलं, “शिकवाचं काय, हात असाले लागते.” झालं. बायाइनं बुद्धपौर्णिमेच्या दीडशे पानांच्या जेवणाले माहं नाव लिहून टाकलं. मी आजपर्यंत दोन माणसांपुरतंच रांधलं हाये. तवा किरपा करून दोन दिवस आधी या. कोणी इचारलं तं जावेले भेटाले आली म्हणा, अन् सैपाकाच्या जागी मांगच्या दारानं या.

ता.क. दुसरा. हे चंदाबाईले बोलू नोका.

(इथून पुढं माहं, चंदाचं, अक्षर हाये.)

जाऊबाई, जय भीम. यायनं लिफाफा चिकटवाले भाताची शितं पाहिली. घरात भात नाई, म्हणून कण्या लावल्या. तुमी शिकवलेल्या कण्या अशा मोकळ्या होतात का लिफाफा माह्या हातात उघडाच आला. सारं वाचलं. हात कोणाचा हाये ते विहारातल्या साऱ्या बायाइले ठाव हाये. यायचं नाव मीच लिहाले लावलं. तुमी जरूर या, पण समोरच्या दारानं या, अन् सैपाकाकडं फिरकू नोका. चाळीस वर्षांत मी पयल्या पंगतीत कधी बसली नाई. आपण दोघी मांडीले मांडी लावून बसू, अन् यायले वाढू द्या. कण्या कच्च्या निघाल्या तरी मी खाईन.