जुन्या फाइली कोण उघडतं

२ फेब्रुवारी

आधी दाढीवाला आला, मागून त्याचे दोन होयबा. दारात चपला अशा, की सहाच्या सहा वेगळ्या गावाला निघाल्यात. नातीने या तिघांबरोबर व्हिडिओ कापायचा-जोडायचा प्रोग्राम केलाय, साऱ्या जगाला फुकट. पोर हुशार – माझ्यावर गेली. आज कोडेक लायब्ररी निवडायची होती. म्हणजे दाबून बसवलेलं चित्र उलगडणारं यंत्रच, नात म्हणते. गादीची वळकटी सोडावी तसं. जुनी हळू, पण काहीही उलगडते. नवी पळते. तिघांनी घड्याळ लावून फोनवरचे नवेकोरे व्हिडिओ पळवले आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. एकानेही जन्मात व्हिडिओ कापलेला नाही. मी अकरा कापलेत! विचारलं, यांची फिल्म उघडेल ना? हे गेल्यापासून यांचा आवाज तेवढ्या एका फाइलीत उरलाय. दाढीवाला हसला.

"आजी, इतक्या जुन्या फाइली आता कोण उघडतं?"

नात एकटी जुनीच्या बाजूने. तिघांपुढे काय चालणार – नवी ठरली.

३ फेब्रुवारी

बिस्किटांचा डबा साफ. अक्कल मात्र सीलबंद, कुणी हातच लावला नाही.

११ फेब्रुवारी

नवा प्रोग्राम आला. यांची फाइल लावली – काळा पडदा. आवाजही नाही. तशी त्या फिल्ममध्ये चार मिनिटं हे नुसते फोटोग्राफरला झापतात, गोड शब्द एक नाही. पण झापतात तरी! नात बघत राहिली, मग दार लावून बसली. जेवायला आली तेव्हा सांगितलं, की प्रोग्राम सगळ्यांचा, कुणीही प्रत उचलून वेगळी चूल मांडावी. तिने मांडली, जुन्या लायब्ररीवर. हे परत ओरडायला लागले. दोन घास जास्त गेले मला.

२६ फेब्रुवारी

दाढीवाल्याकडे तक्रारींचा ढीग. एकाने लिहिलंय म्हणे, "आमचं लग्न काळं दिसतंय." घ्या, पळवा आता! नात हसत नाही. तिच्या वाटचंही मीच हसून घेतलं.

१ मार्च

दाढीवाल्याचा फोन. नातीला नाही, मला. जुनी लायब्ररी परत घेतायत. आणि यांची फाइल हवीय, प्रोग्रामाबरोबर कायमची ठेवायला. नातीने समजावलं – यापुढे जगात कुणीही काहीही बदललं, की आधी ती लावून बघायची. आजोबा बोलले नाहीत, तर बदल रद्द.

शनिवारी फाइल न्यायला येतो म्हणाला, तिघेही.