सोफ्याच्या तिसऱ्या जागेवरच्या माणसाबाबत

मी, खाली सही करणार, सोफा-गादीचा कारागीर, वय वर्षे एकाहत्तर, हृदयाच्या दोन नळ्या तुंबल्या असल्या तरी डोके ठिकाणावर असलेला इसम, कोणाच्या दडपणाखाली न येता रुग्णालयाच्या खाटेवर बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. उद्या माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर 'काळजीचं काही कारण नाही' असे पुन्हा पुन्हा म्हणाले, म्हणून मला काळजी वाटू लागली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते, तर त्यातही एक माणूस मध्ये मध्ये आलाच असता. तो कोण, ते कलम तीनमध्ये येईल.

१. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या पत्नीला संपूर्ण मालकी हक्काने. पहिल्या खर्ड्यात मी येथे अट घातली होती की, 'वरच्या मजल्यावरील इसमाने उंबरठा ओलांडल्यास हा हक्क रद्द समजावा.' वकीलबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. म्हणाल्या, "काका, अशी अट कोर्टात टिकायची नाही, आणि काकूंपुढे तर त्याहून नाही." अट काढली आहे. ती होती, एवढे नोंदवून ठेवतो.

२. कामाचा गाळा मुलीला. ती परगावी असते, तिने तो भाड्याने द्यावा. हत्यारे माझ्या हाताखालच्या कारागिराला: दाभणे, कातरी, शिलाई मशीन, स्प्रिंगा ताणायचा पट्टा. लहान हातोडी मात्र माझ्या मेहुण्याच्या हाती पडू देऊ नये. तो तिने भिंतीत खिळे ठोकतो. आमच्या लग्नात हाच मेहुणा सर्वांसमक्ष म्हणाला होता, "ताईला नवरा मिळाला तो असा, की ज्याला रग्बीचा चेंडू लांबट का असतो हेही ठाऊक नाही." मला ते खरोखरच ठाऊक नव्हते. म्हणून तर ते लागले.

३. बैठकीतला तीन जागांचा सोफा. हा मी लग्नाच्या वर्षी स्वतः बांधला. दोन जागांचा गरीब दिसला असता. एका टोकाला मी, मध्ये ही, आणि पुढे तिसऱ्या जागेवर मुलगी. मुलगी लग्न करून गेली आणि त्या जागेवर पंचसाहेब येऊन बसले.

पंचसाहेब म्हणजे वरच्या मजल्यावर राहणारे रग्बीचे निवृत्त पंच. पत्नी वारलेली. पाठ ताठ. माझ्याहून एक वर्षाने मोठे, तरी केस काळे. रंगवत नाहीत, मी जवळून पाहिले आहे.

हिचे वडील मैदानाची देखभाल करत. ही चालायला शिकली तीच गोलाच्या खांबांना धरून. टीव्हीवर राष्ट्रीय संघाचा सामना असला की पंचसाहेब खाली येतात. सामना ऐंशी मिनिटांत संपतो. चर्चा त्यानंतर सुरू होते, आणि आपण जिंकलो तर ती जास्त लांबते. हरल्यावर काय बोलायचे ते सर्वांना कळते. जिंकल्यावर मात्र याला का घेतला, त्याला का बसवला, कोणाचा गुडघा गेलाय, कोणाचा खांदा निखळून पुन्हा बसवलाय, याला अंत नसतो. बोलता बोलता हिचे गाल लाल होतात, हात हवेत जातात. भाजी आणि वीजबिल यांवर माझ्याशी बोलताना हिचे हात मांडीवर असतात.

पंचसाहेब हिला 'वहिनी' म्हणतात. पण चर्चा रंगली की ती 'वहिनी' गळून पडते आणि नुसते 'अहो, ऐका तरी' उरते. माझे तिकडे बारीक लक्ष असते.

मीही शिकायचा प्रयत्न केला. ऑफसाइडचा नियम मला दर हंगामात नव्याने समजतो आणि हंगाम संपेपर्यंत मी तो विसरतो.

सोफा पत्नीकडे राहील. तिसऱ्या जागेबाबत मी काही लिहीत नाही. वकीलबाई पुन्हा चष्म्यावरून पाहतील.

४. मी या खाटेवर कसा आलो, हेही नोंदले पाहिजे, कारण पुढची कलमे त्यातून निघतात.

गेल्या शनिवारी आपला संघ एका गुणाने जिंकला. शेवटची पेनल्टी कप्तानाने मारली, तीही लंगडत. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. आमच्या बैठकीत मात्र डोकी तापली.

पंचसाहेब म्हणाले, "कप्तानाला आता बसवा. शेवटी शेवटी मांडी धरून पळत होता. अर्धा माणूस घेऊन उपांत्य सामना खेळायचा?"

"अर्धा म्हणे!" ही म्हणाली. "त्या अर्ध्यानेच जिंकून दिलं ना? तो बाहेर बसला तर उरलेले चौदा म्हणजे मेंढरं."

"जिंकलो म्हणून दुखणं झाकायचं?"

"आणि घेणार कुणाला? तुमच्या त्या लाडक्याला? समोरून कुणी धावत आलं की तो डोळे मिटतो!"

त्या दोघांचे बिनसलेले मी प्रथमच पाहत होतो. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. संधी साधून मी हिच्या बाजूने उडी घेतली. म्हणालो, "हिचं बरोबर आहे. कप्तान ठणठणीत आहे."

ही माझ्याकडे वळली. "अहो, ठणठणीत कुठला? मांडी कामातून गेलीय त्याची. गेली असली तरी खेळवा, असं म्हणतेय मी."

आणि दोघे हसले. पुढे-मागे नव्हे, एकदम हसले. पहिल्यांदा भांडले, आणि त्यातही त्यांना एकत्र हसायला मीच सापडलो. तळपायाची आग मस्तकात गेली. काहीतरी झोंबणारे बोलावे म्हणून मी उठलो, आणि ते काय होते हे आठवण्याआधीच छातीत कोणीतरी पट्टा आवळला आणि मी आडवा झालो.

पंचसाहेबांनी मला उचलले. बहात्तराव्या वर्षी, तीन जिने, खालपर्यंत. मी शुद्धीवर होतो. मरणाच्या दारात माणसाला देव आठवतो म्हणतात. मला एकच गोष्ट दिसत होती: ही त्यांचे दंड पाहते आहे. ही मागून ओरडत होती, "सांभाळून हो, तुमची पाठ!" पाठ कोणाची, तर त्यांची.

५. बँकेतील शिल्लक पत्नीला. त्यातून तिने चष्मा बदलावा. पडद्यावरचा आकडा दिसत नाही म्हणून ती गुण पंचसाहेबांना विचारते. तिला ते विचारायची गरज पडू नये, अशी माझी इच्छा आहे.

६. हे कलम मालमत्तेचे नाही. काल दुपारी ही खाटेशी बसून संत्रे सोलत होती. मी सरळ विचारले, "मी गेल्यावर तू पंचसाहेबांशी लग्न करशील?"

"या वयात?"

"वय नाही विचारलं मी."

"वेड लागलंय तुम्हाला. त्यांना माझ्यात कुठे रस आहे? त्यांना रस स्क्रममध्ये, त्या डोकी भिडवून चालणाऱ्या ढकलाढकलीत. माझ्या जागी रेडिओ ठेवला तरी तेवढंच बोलतील."

"आणि तुला?"

तिने एक फोड माझ्या तोंडात घातली, बहुधा ते बंद व्हावे म्हणून. मग म्हणाली, "माझ्या माहेरी उठताबसता खेळच. बाबांनी आणलेली सगळी स्थळं मैदानावरची. कुणी मला दंड दाखवायचा, कुणी तुटलेला दात. तुम्ही आलात आणि विचारलंत, 'तुम्हाला बसायला कसं आवडतं, मऊ की घट्ट?' मला तोवर कुणी बस म्हटलं नव्हतं हो. मी कुंपणाला धरून उभी राहूनच मोठी झाले."

"मग काय म्हणालीस तू?"

"विसरलात? घट्ट म्हणाले."

एवढे ऐकून माझे पोट दुखणे थांबायला हवे होते. थांबले नाही. आजार जुना आहे, एका संत्र्याने जात नाही.

७. साक्षीदारांबाबत. वकीलबाईंनी सांगितले की, साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही. हे ऐकून मला फार बरे वाटले. पंचसाहेबांचा काटा कायदेशीर मार्गाने काढायला याहून चांगली युक्ती नव्हती. आज दुपारी ते भेटायला आले, तेव्हा ही कलमे हाताने झाकून मी कागद पुढे केला.

"एवढी साक्षीदाराची सही हवी होती."

त्यांनी पेन घेतले. चष्मा लावला. मग विचारले, "यात वहिनींचं काही आहे?"

"सगळं तिचंच आहे."

त्यांनी पेनाला टोपण लावले. "मग मला नाही जमायचं, भाऊ."

"का बरं?"

"ज्या सामन्यात आपलं काही गुंतलंय, त्याची शिट्टी आपण घेऊ नये. हे मी जन्मभर पाळलंय."

"तुमचं काय गुंतलंय?"

ते खिडकीबाहेर पाहू लागले. तिकडे रुग्णवाहिका उभी करायच्या जागेखेरीज काही नाही. तिकडेच पाहत म्हणाले, "ते विचारू नका. विचारलंत तर मला खरं सांगावं लागेल." मग उठले, "वहिनींनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, बघतो," असे म्हणून खाली गेले.

म्हणजे माझा संशय खरा होता. इतकी वर्षे ही मला वेड्यात काढत होती, आणि मी शहाणा होतो. पहिल्यांदा मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटत नाही. त्यानंतर राग यायला हवा म्हणून मी त्याची वाट पाहत पडून राहिलो. राग आला नाही. मनात एवढेच आले की, हा माणूस मुलगी सासरी गेल्यापासून हिच्यापासून हातभर अंतरावर बसतो आहे, आणि ते अंतर त्याने बोटभरही कमी केले नाही. मला जमले असते का? नसते. त्या निग्रहाचाही मला हेवा वाटला.

मी हे हिला सांगितलेले नाही. ऑपरेशनमधून उठलो तर सांगणारही नाही, आणि हा कागद स्वतः फाडीन.

८. न उठलो, तर वकीलबाईंनी हे मृत्युपत्र माझ्या घरी, पत्नी आणि पंचसाहेब या दोघांना समोरासमोर बसवून, मोठ्याने वाचावे. कलम सात गाळू नये. ते ऐकताना हिचा चेहरा कसा होईल, हे मला दिसणार नाही. त्यांना दिसेल. आजवरच्या सगळ्या हेव्यांत हा सर्वात मोठा आहे, आणि तो मी कोणाच्याही नावे करत नाही. तो माझ्याबरोबर येईल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि साक्षीदारांच्या देखत खाली सही केली. साक्षीदारांनी माझ्या देखत आपापली सही केली असून या कागदात त्यांचे काहीही गुंतलेले नाही.

लिहून ठेवणार: (सही) सोफा कारागीर

साक्षीदार पहिली: (सही) या विभागाच्या मुख्य परिचारिका
साक्षीदार दुसरा: (सही) शेजारच्या खाटेवरील रुग्ण, निवृत्त बसचालक

ठिकाण: रुग्णालय, पुरुष विभाग, खिडकीजवळची खाट
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या भेटीची वेळ सुरू होण्यापूर्वी