पांढऱ्या बटणाचं काम

दुक्म, ओमान
१६ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

आधी 'तीर्थरूप' लिहून पाहिलं, पण ते माझ्या हातून आल्यासारखं वाटेना. नववीत शाळा सोडलेल्याने जमेल तेवढंच लिहावं. कॉटन ग्रीनचा मितेश माझ्याच खोलीत राहतो, तो शुक्रवारी सुट्टीवर निघतोय. त्याला सांगितलंय, शनिवारीच घोडपदेवला जा आणि चिठ्ठी बाबांच्याच हातात दे, आमच्या दर्शनाच्या नको. ती नाक्यावरच फोडेल.

तिचं सध्या काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहेच. हिंदमाताच्या स्टुडिओसाठी लग्नाचे व्हिडिओ जोडते, संध्याकाळी लॅपटॉपवर पाठवायला लावून बाहेर पडते, आणि परत येऊन बघते तर राऊटर मध्येच बंद होऊन चालू झालेला, व्हिडिओ अर्धाच गेलेला. परवा मला म्हणाली, "दादा, तुझं डबडं रविवारी काढते आणि कंपनीचा साधा राऊटर लावते. नवरीकडचे लोक स्टुडिओवाल्याच्या डोक्यावर बसलेत आणि तो माझ्या." मी म्हटलं, अजून थोडे दिवस थांब. ती म्हणाली, "पाच आठवडे तेच ऐकतेय." तिचं चुकत नाही. पण डबा गेला तर माझंही एक मोठं नुकसान आहे, ते शेवटी कळेल.

आठवतं ना, तो राऊटर मी जुन्या बाजारातून आणला होता? त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर पुसून इंटरनेटवरून दुसरं घातलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "चालती वस्तू खोलायची खोड काय जात नाय मेल्याची." मी दोन दिवस जमिनीवर बसून होतो आणि आई माझ्यावरून उडी मारून स्वयंपाकघरात जात होती. पण त्या सॉफ्टवेअरमुळेच मी इथून त्याच्या पोटात शिरू शकतो. तो बंद पडून पुन्हा उठला की माझ्या फोनवर निरोप येतो. कंपनीच्या डब्यात ही सोय नाही.

म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एकापाठोपाठ सात निरोप आले तेव्हा मी घाबरलो. वाटलं, माझंच सॉफ्टवेअर सडलं. जुनं घातलं, नवं घातलं, फरक नाही. शेवटी दर्शनाला म्हटलं, त्याचा फोटो पाठव. फोटो आला आणि मी साईटवर, तारांच्या भेंडोळ्यावर बसून एवढा हसलो की मुकादम धावत आला. राऊटरला हळदकुंकू, अक्षता, झेंडूच्या माळेचे तीन वेढे आणि वरून आईचा क्रोशाचा रुमाल! ज्या फटींतून तो गरम हवा सोडतो त्या सगळ्या बुजलेल्या. तापणार नाही तर काय?

हसून झाल्यावर मात्र फोटो पुन्हा मोठा करून बघितला. खंडेनवमीला तुम्ही मिलमध्ये तुमच्या मागाला अशीच माळ घालायचात, आई सांगते. मिल बंद झाल्यावर तुम्ही घरात कशाचीच पूजा केली नव्हती, शिलाई मशीनचीसुद्धा नाही. आणि माझ्या डब्याला तीन वेढे.

माळ निघाली, फटी पुसल्या, दुपारचं बंद पडणं थांबलं. मला वाटलं संपलं. पण आठ दिवसांनी संध्याकाळचं सुरू झालं. कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी, ताळमेळ नाही. अ‍ॅडॅप्टर बदलून झाला, प्लग बदलून झाला. मी फोन करायचो, आई भजनाला गेलेली, दर्शना स्टुडिओत, म्हणून तुमच्या बटणांच्या फोनवर. तुम्ही पहिल्या घंटीलाच उचलायचात. "लाल दिवा हा. आता हिरवो झालो. दुसरो लुकलुकता." मग मी विचारायचो, हात लावून बघा, गरम आहे का? मग तुम्ही मागाच्या गोष्टीवर यायचात. माग अडला की आधी हवा बघायची, कोरडी की दमट, मग तेल, धागा सगळ्यात शेवटी. मागांची दुरुस्ती बघणारा धोंडू जॉबर कान लावून बिघाड कसा ओळखायचा, ते तुम्ही वीस मिनिटं सांगितलंत. चार वर्षांत आपण एवढं बोललो नव्हतो.

आणि ऐका, ते वाया गेलं नाही. इथे कॅम्पातले वायफायचे डबेही असेच बंद पडत होते, इंजिनियर लोक सॉफ्टवेअर धुंडाळत होते. मी म्हटलं, आधी हवा बघू. उघडले तर आत मूठमूठ वाळू! साहेबांनी मला खोदकामातून काढलं आणि वायफायच्या कामावर घातलं. कालपासून माझ्या खिशाला पेन आहे, बाबा. त्याच पेनने हे लिहितोय.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात मी दर्शनाला राऊटरच्या मागे पेनड्राईव्ह लावायला सांगितला, ते आठवतं? बंद पडला की तो स्वतःची आठवण विसरतो, म्हणून रोजचं काय ते त्यावर लिहून ठेवायला लावलं. काल ती नोंद वाचली. मशीन आपणहून पडलं तर दीड मिनिटात उठतं. आपलं एकदा सोडून दर वेळी चार मिनिटं बंद असतं, त्याआधी काही तक्रार नाही, तापल्याची खूण नाही. जणू कोणी प्लग काढतं, हातात धरून थांबतं, मग लावतं. आणि वेळ दर वेळी साडेसातच्या पुढची, घरात एकच माणूस असताना. तिथले साडेसात म्हणजे इथले सहा. सहाला मी खोलीवर येतो, हे मी एकदाच बोललो होतो.

निघताना तुम्ही दारात म्हणाला होतात, "काम असेल तरच फोन कर, बिनकामाचो करू नको." मी चार वर्षं ते पाळलं. तुम्हीही पाळलंत, फक्त काम स्वतः तयार केलंत. आता प्लग काढू नका, दर्शनाच्या व्हिडिओतलं लग्न अर्ध्यावर राहतं. राऊटरच्या उजव्या अंगाला पांढरं बटण आहे, ते आजवर कशाच्याच उपयोगाचं नव्हतं. काल मी इथून त्याला काम लावलंय. दाबलंत की काहीही बंद होणार नाही, फक्त माझ्या फोनवर घंटी वाजेल आणि मी फोन करीन. शेजारच्या बारीक भोकात काडी घालू नका, माझी सगळी मेहनत पुसली जाईल. दर्शनाला म्हणावं, बिघाड सापडला, डबा राहू दे. कुठे होता ते सांगू नका. आणि माझंही एक कबूल करतो. अकरा तारखेला राऊटर बंद पडला, तेव्हा तुम्ही फोनवर शपथेवर म्हणालात, "आज मी हातसुद्धा नाय लावलंय." खरं होतं. त्या दिवशी तो मी इथून बंद केला होता. काम काही नव्हतं.

तुमचाच,
मयूर