भाऊबीजेची राजदूत

॥ श्री ॥
उमापूर, ता. गेवराई
१४ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप अजिनाथमामांस,
संस्कृतीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचे कान गेल्यापासून फोनवर काहीही विचारलं तरी तुम्ही ‘बरंय, बरंय’ म्हणता, म्हणून हे पत्र.

तुमची अट आई गावभर सांगून बसली आहे. तुमची जुनी राजदूत मी दुरुस्त करायची, भाऊबीजेला आईला मागे बसवून, वाटेत कुठंही बंद न पडता संभाजीनगरला तुमच्या दारात आणायची. जमलं तर तुमचं गेवराईचं बंद पडलेलं गॅरेज माझं. नाहीतर बजरंगदादा ते मोबाईलवाल्याला भाड्यानं देणार. मामा, मला ते गॅरेज हवंच आहे. आयटीआय काय मी दुसऱ्याच्या शोरूममध्ये जन्मभर ऑइल बदलायला केलं?

पण गाडी दाद देत नाही. किक मारली की चालू होते, आयडल असं गोड बसतं की आई ऐकायला ओट्यावर येते. मग थोड्या वेळानं आवाज आपोआप चढतो, गाडी खोकते आणि बंद. जरा उभी ठेवली की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू! कार्बोरेटर खोलून खोलून हात दुखले. जेट फुंकून साफ केला (तार घातली नाही, तुमची शपथ), फ्लोट बघितला, एअर स्क्रू मागंपुढं केला. परवा दसऱ्याला आईनं दणक्यात पूजा केली, तरी हे असं. काल फाट्यावर बंद पडली तेव्हा रामकिसनकाका म्हणाले, की पोरी, कावून जीव काढतीस, भंगारात घाल की. मी घरी येऊन रडले.

लोभ आहेच. सल्ला लवकर धाडा.
तुमची भाची,
संस्कृती

॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर
१८ ऑक्टोबर

चि. संस्कृतीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तार घातली नाहीस हे बरं केलंस. घातली असतीस तर जेटचं भोक मोठं होऊन भाऊबीज तिथंच आटोपली असती.

आवाज आपोआप चढतो, म्हणजे गाडी हवा चोरते आहे. कार्बोरेटर इंजिनाला जुळतो तिथलं पॅकिंग वाळलं असणार. गाडी आयडलवर ठेव आणि त्या सांध्याला साबणाचं पाणी लाव. आवाज बदलला की चोर सापडला. बदलणारच, चाळीस वर्षं हात काळे केलेत मी.

रामकिसनला माझा निरोप दे, की तुझ्या लग्नात तू याच गाडीवर बसून मांडवात गेलतास, आणि परतताना वऱ्हाडाची जीप बंद पडली होती, ही न्हाई.

बजरंग रोज विचारतो, बाबा, मोबाईलवाल्याला काय सांगू. भाऊबीजेपर्यंत थांब म्हणालो, तर हसला. त्याला वाटतं, मी भाचीला लाडानं झुलवतोय. मला आता गाडी समोर असली तरी ऐकू यायची नाही, बेटा. तूच नीट ऐक.

ताईला नमस्कार. माया आहे तशीच आहे. तू वेळेवर जेवत जा.
तुझा,
अजिनाथमामा

॥ श्री ॥
उमापूर
२४ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. नमस्कार.

साबणाचं पाणी लावलं. आवाज तसूभर बदलला नाही. तुमचा चोर निर्दोष निघाला, राग मानू नका.

मग ठरवलं, गाडी चालू असताना नाही, बंद पडल्या क्षणी बघायचं. बंद पडली तशी कार्बोरेटरची खालची वाटी सोडली, तर कोरडी ठाक! टाकी भरलेली आणि वाटी कोरडी. टाकीखालचा कॉक साफ, नळी साफ. नळीचं तोंड बाटलीत धरलं: आधी धार, मग थेंब, मग तेही बंद. टाकीत कचरा असेल म्हणून झाकण उघडलं आणि सूं करून हवा आत गेली. नळीतून पेट्रोल असं धावलं की माझी चप्पल भिजली.

मामा, दोष कार्बोरेटरचा नव्हताच. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला हवी, आणि त्यासाठीचं झाकणातलं बारीक छिद्र हळदीकुंकवानं बुजलेलं होतं. तुम्ही गाडी इथं ठेवल्यापासून आई दर दसऱ्याला ओलं बोट बरोबर तिथंच टेकवते. तिला सांगितलं तर तिचं म्हणणं, ते गाडीचं कपाळ हाय, मोकळ्या कपाळानं लेकराला कुणी वाटंला लावतंय का? शेवटी हेडलाइटवर तडजोड झाली.

छिद्र सुईनं मोकळं केलं. काल तलवाड्याला जाऊन आले. तिथं मुद्दाम गाडी चालू ठेवून चहा घेतला, आयडल एकसारखं. चहावाल्यानं विचारलं नव्हतं, तरी त्याला सगळं सांगितलं. मला माझाच लई अभिमान वाटला, मामा.

लोभ असू द्या आणि भाऊबीजेला दार उघडं ठेवा.
तुमची,
संस्कृती

॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर
५ नोव्हेंबर

चि. संस्कृतीस,
मामाचे भरभरून आशीर्वाद.

परवा भाऊबीजेला ताई रडत होती आणि मला तर ऐकूच येत नाही, म्हणून बोलायचं राहिलं ते लिहितो.

सकाळपासून मी फाटकात उभा होतो. गल्लीत वळलेली गाडी ऐकू आली नाही, दिसली. तू ती बंद न करता माझा हात धरून टाकीवर ठेवलास. माझ्या तळहाताला आयडल कळलं. कान गेल्यापासून मी पहिल्यांदा गाडी ऐकली, बेटा.

मला साबणाचं पाणी सुचलं, झाकण सुचलं नाही. ते तुला सुचलं, याचा मला एवढा अभिमान आहे की सगळ्या कॉलनीला सांगून झालं. आता बजरंगला दुसऱ्यांदा सांगतोय. त्यानंही मोबाईलवाल्याला नाही म्हणून कळवलं, आणि या वेळी हसला नाही.

ताईनं ओवाळलं तेव्हा मी ताटात गॅरेजची किल्ली टाकली. भावाची ओवाळणी बहिणीला असते, पण ही तुझ्या हातात जायची होती, हे तिला सांगावं लागलं नाही. शटर गंजलं आहे, तेल घालून उचल. म्हाळू पेंटरला तुझ्या नावाचा बोर्ड रंगवायला सांगितलं आहे.

माझा लोभ आहे, त्याला काही होत नाही. एकच ध्यानात ठेव. गिऱ्हाईक आलं आणि मिस्त्री कुठाय म्हणून विचारलं, तर माझं नाव सांगू नकोस. मीच, असं म्हण.

तुझा,
अजिनाथमामा