कापलेले चार इंच

लिहून ठेवणार: लायमन हॉस्टेटर, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा पत्राकाम, राहणार पामडेल, कॅलिफोर्निया.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कान थोडे गेलेत, ते इंजिनांच्या आवाजानं, आणि त्याचा मला खेद नाही. मान डावीकडे कललेली असते. हाडात काही दोष नाही असं डॉक्टर लेखी द्यायला तयार आहेत. कोणाच्या धाकानं नव्हे, तर एक गोष्ट सत्तेचाळीस वर्षं लांबवली म्हणून हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हातानं लिहीत आहे. यापूर्वीची सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत गाडी कोणाला द्यायची ते होतं, गाडीची खरी हकिकत नव्हती.

कलम १. राहतं घर, मागचं लिंबाचं झाड आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या थोरल्या भावाचा मुलगा ड्वाइट याला. मला दुसरं कोणी नाही, म्हणून. त्याची गाडी मला आवडते असा याचा अर्थ काढू नये. चौतीस सालचा सांगाडा, वर वांग्याच्या रंगाचा चकचकीत थर, आत आपोआप गिअर बदलणारी पेटी आणि थंड हवेचं यंत्र. प्रदर्शनाला ती ट्रेलरवर निजून जाते, आजारी राणीसारखी. मी त्याला तोंडावर विचारलं होतं.

"ही चालते का रे?"

"काका, रस्त्यावर रंगाला खडे लागतात."

"मग भिंतीला टांग की."

त्याला माझी काळी छत्रीही द्यावी. गाडीला नाही, तर निदान मालकाला तरी पाऊस माहीत असावा.

कलम २. ऐरण, पत्रा ठोकायच्या हातोड्या आणि वेल्डिंगचं सगळं सामान मी शेजारी हिलारियो बुस्तामांते यांना हयातीतच दिलं आहे. ड्वाइटनं मागू नये. हिलारियोनं ऐरणीवर कॉफीचा कप ठेवू नये, हे पुन्हा सांगतो. लोखंड कापायची जुनी करवत मात्र मी दिलेली नाही. ती कोणालाच देऊ नये.

कलम ३. मिस थॉर्नबरी बाईंनी सातवीत बक्षीस दिलेलं कवितांचं पुस्तक त्याच शाळेला परत करावं. पान चौऱ्याहत्तरवरचा ग्रीसचा अंगठा माझा आहे.

बाई समुद्राच्या कविता फार पाठ करायला लावत. वर्गात समुद्र एकानंही पाहिलेला नव्हता. आम्हाला ठाऊक होतं ते गावाच्या उत्तरेचं कोरडं तळं, मैलोगणती सपाट, पांढरं, जुन्या बशीसारखं तडकलेलं. खिडकीतून त्याच्याकडे बघत आम्ही एका सुरात लाटा म्हणायचो, आणि उन्हात ते खरोखरच हलायला लागायचं. एकदा माझी कविता तपासताना बाई म्हणाल्या, "लायमन, ओळीतून एक शब्द काढलास की ओळ धावायला लागते. पण काढलेला शब्द गेला कुठं, याचाही विचार करत जा." मला तेव्हा पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं.

कलम ४. गाडीबद्दल. बत्तीस सालची फोर्ड, दोन दारांची, काळी.

माझं मत कोणी विचारलेलं नाही, पण मृत्युपत्रात माणसाला मधेच कोणी गप्प करू शकत नाही, म्हणून सांगतो. बत्तीसच्या गाडीइतकं देखणं अंग दुसऱ्या कुठल्या गाडीला मिळालं नाही. मडगार्ड काढा, पुढचा आस खाली घ्या, मागे मोठी चाकं चढवा, की ती उभ्या जागी पुढे झुकते, शिट्टीची वाट बघत श्वास रोखलेल्या धावपटूसारखी. बाजूला ज्वाळा रंगवू नका. ज्वाळा म्हणजे विनोद सांगून स्वतःच आधी हसणं.

चालवायला मात्र ती म्हणजे रोजचं भांडण. खड्डा आला की स्टिअरिंग मनगटाला हिसका देतं. उन्हाळ्यात घाट चढताना पाणी उकळतं. ब्रेक लागतात, पण आधी विचार करतात. हे सगळं मी तिला माफ केलं. देखणेपणापायी माणूस काय काय माफ करतो!

टप कापून खाली घेण्याबद्दल माझं मत असं: दोन इंच कापले तर गाडीला भुवया येतात. चार कापले तर ती डोळे बारीक करून आपल्याकडे बघायला लागते. चारच सुंदर. हे मी आजही म्हणतो, आणि पुढच्या कलमात जे आहे ते याच एका मतापायी घडलं.

कलम ५. गाडी माझ्या एकट्याची नव्हती. ती व्हर्लिन स्ट्रूब आणि मी, दोघांनी मिळून भंगारातून उचलली होती. व्हर्लिन सव्वासहा फूट उंच.

"दोनच इंच, लायमन. देवानं दिलेली उंची मी ठेवू कुठं?"

"मांडीवर घेऊन बस."

"दोन. शपथ घे."

मी शपथ घेतली. त्या आठवड्यात तो संत्र्यांच्या तोडणीला गेला आणि मी खडूची रेघ चार इंचांवर मारली. परत आला तेव्हा गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "अरे, ही गाडी आहे का टपालपेटीची फट?" आणि हसला. तो हसला, म्हणजे मी सुटलो असं मला वाटलं. तेव्हापासून तो मान डावीकडे कलती करून चालवायचा.

अठरा जून एकोणीसशे पन्नास, रविवार, सकाळी दहा. कोरड्या तळ्यावर आमच्या लार्क्स क्लबची वेग मोजायची शर्यत होती. एकेक गाडी सोडायची, आधीची धूळ बसली की पुढची. व्हर्लिन सुटला, आणि धुळीवर मारायच्या पाण्याचा ट्रक वाट चुकून मधे आला. पलीकडे आमचा हॉलिस एका गाडीच्या टपावर चढून दोन्ही हातांनी लाल झेंडा हलवत होता. लांबून दिसावा म्हणून उंच चढला होता. मला तो सुरुवातीच्या रेघेवरून दिसत होता. व्हर्लिनला त्या फटीतून फक्त जमीन दिसत होती.

शेरिफच्या माणसाला, क्लबला आणि व्हर्लिनच्या आईला मी एकच सांगितलं: चार इंच त्यानंच मागितले होते. त्याची आई मरेपर्यंत म्हणत राहिली, माझ्या पोराला नखऱ्यानं नेलं.

ते खोटं होतं. चार इंच मी कापले. त्याला न विचारता, शपथ मोडून.

कलम ६. टपाचे कापलेले सात तुकडे माझ्या कपाटात मेणकापडात बांधलेले आहेत. त्यांच्याबरोबर पुढच्या काचेची कापलेली पट्टी आहे, दोन हात लांब, चार इंच रुंद, वयानं पिवळी पडलेली. या काचेनं अपघात पाहिलेला नाही. त्या दिवशी ती घरीच होती.

गाडीचं पुढचं अंग मी नवं बांधलं आणि पुन्हा चालवू लागलो. पहिल्याच वर्षी लक्षात आलं, की शेजारी जो बसेल तो, कितीही बुटका असो, डावीकडे मान कलती करतो. माझी तर तशीच राहिली.

आणि ती पट्टी. गाडी पुसताना एकदा सहज डोळ्यांसमोर धरली, तर समोर गॅरेजची भिंत होती आणि भिंतीवर लाल झेंडा हलत होता. माणूस दिसत नाही. चार इंचांत माणूस मावत नाही. नुसता झेंडा, उजवीकडून डावीकडे, दमलेला. हॉलिस वारून सव्वीस वर्षं झाली. झेंडा थांबलेला नाही.

कलम ७. इथपर्यंत लिहून वकिलांना दाखवलं, तर ते म्हणाले, "छान. हे तुमच्यामागे वाचलं जाईल." माझ्यामागे! म्हणजे कबुली द्यायची आणि समोर उभंही राहायचं नाही. व्हर्लिनची बहीण आर्लीन लँकेस्टरला राहते, वीस मिनिटांवर. अपघात झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मी फोन केला.

ती आली. गॅरेजमध्ये उभ्यानंच तिनं कलम पाच वाचलं, दोनदा. मग चष्मा काढला.

"आदल्या दिवशी, शनिवारी, तो माझ्याकडे आला होता, ठाऊक आहे तुला? म्हणाला, आर्ले, सीटची गादी उसव आणि आत भरलेले घोड्याचे केस थोडे काढ, जरा खाली बसलो तर वरचं दिसेल. मी नाचाला जायचा झगा इस्त्री करत होते. म्हटलं, सोमवारी करते."

तिनं चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"तुझ्याबद्दल एक शब्द वाकडा बोलला नाही तो. म्हणाला, लायमननं फार देखणी केलीय गं. मला वाटलं, खूळ त्याचंच, आणि आळस माझा. सत्तेचाळीस वर्षं, लायमन!"

"आर्लीन..."

"गप बस. मी माफ केलेलं नाही असं लिही तुझ्या त्या कागदात."

तिच्या सांगण्यावरून लिहितो: आर्लीन स्ट्रूब हिनं मला माफ केलेलं नाही.

मग मी काचेची पट्टी तिच्या हातात दिली. कशासाठी ते सांगितलं नाही. तिनं ती उजेडाकडे धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

"कोण हलवतंय हा?" तिनं विचारलं. आणि पट्टी खाली न करताच म्हणाली, "टप वर घे. तू जिवंत आहेस तोवर घे."

काम हिलारियोनं केलं. माझा हात आता कापतो. सात तुकडे सात जागी धरून बघताना तो थांबला.

"मास्तर, करवत प्रत्येक कापात थोडं लोखंड खाते. तुकडे आखूड पडायला हवेत."

"हवेत."

"पडत नाहीत. केस जाईल एवढीही फट नाही."

त्यानं छातीवर क्रूस काढला आणि मग वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला. काच जोडता येत नाही, म्हणून पट्टी चौकटीत तशीच वर बसवली, रबराच्या आधारानं. गाडी आता टोपी घातलेल्या पाद्र्यासारखी दिसते. मला मुळीच आवडत नाही.

आज, रविवारी सकाळी, आम्ही तिला कोरड्या तळ्यावर नेलं. स्टिअरिंगवर आर्लीन, शेजारी मी, मागून हिलारियोचा ट्रक. सगळीकडे ऊन. मैलभर माणूस नाही, झुडूप नाही. आर्लीननं गाडी हळूहळू पळवली, मग चांगलीच पळवली. तिची मान सरळ होती. आणि मधेच, काही नसताना, तिनं दोन्ही पाय ब्रेकवर दिले. ब्रेकनी या वेळी विचार केला नाही. आमचीच धूळ आम्हाला ओलांडून पुढे गेली.

"काय झालं?"

"झेंडा दिसला ना."

"मग?"

"मग थांबले."

मी वर पाहिलं. पिवळ्या पट्टीत झेंडा खाली येत होता.

हिलारियो ट्रकमधून उतरून धावत आला. "मास्तर, बाई का थांबल्या?"

मी त्याला बोटानं दाखवलं. बंपरपासून दहा पावलांवर कोरड्या मातीवरून आडवी एक ओली रेघ गेली होती, पाण्याची टाकी ठिबकत जावी तशी. तिच्या दोन्ही टोकांना काही नव्हतं. आम्ही तिघं ती वाळेपर्यंत उभे होतो.

कलम ८. गाडी आर्लीन स्ट्रूब हिची. तिनं ती चालवावी, विकावी किंवा मोडीत घालावी. माझ्या मताला आता किंमत नाही. टप पुन्हा कापू नये. काचेची पट्टी आठवण म्हणून माझ्याबरोबर पुरायचं कोणाच्या मनात आलं तर तसं करू नये. ती चौकटीतच राहू द्यावी. तिची जागा तीच आहे.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, सही करतो.

लायमन हॉस्टेटर
पामडेल, ता. ४ मे १९९७

साक्षीदार: लिहून ठेवणाऱ्यानं आमच्या दोघांच्या समोर, शुद्धीत, दुपारी तीन वाजता सही केली. मृत्युपत्राच्या सुरुवातीला त्यांची मान डावीकडे कललेली असते असं म्हटलं आहे. सही करताना ती सरळ होती. एवढं नोंदवून आम्ही सह्या करतो.

१. हिलारियो बुस्तामांते, वेल्डर, शेजारी
२. इडा फेनविक, निवृत्त टपाल कर्मचारी, समोरच्या घरात राहणार